घरघंटी अडते कुठे आणि टिकते कशी?



परिसर अभ्यासाच्या तासाला 'आपल्या घरातली यंत्रे' अशी यादी मुलांकडून करून घेतली, तर हल्ली मिक्सर, पंखा, टीव्हीच्या जोडीला घरघंटी हमखास येते. कुणाच्या आईने बचत गटाच्या कर्जातून घेतलेली असते, कुणाला जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याणाच्या योजनेतून मिळालेली असते. यादीपुढे 'चालू की बंद?' असा आणखी एक रकाना आखून बघा. घरघंटीपुढे 'बंद' लिहिणारी मुलं निघतातच. कारण विचारलं तर 'मोटार गेली' हे ठरलेलं उत्तर. खरं म्हणजे मोटार जायच्या आधी यंत्र बरंच काही सांगत असतं. ते ऐकायचं कसं, एवढ्यासाठीच हा लेख.

आधी आत काय चालतं ते समजून घेऊ. जात्यात दाणा दोन दगडांमध्ये चिरडला जातो. घरात वापरायच्या बहुतेक घरघंट्यांमध्ये दगड नसतोच. एका गोल पेटीत लोखंडी पात्या फिरतात, मिनिटाला साधारण २८०० फेरे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४७. वरून पडलेला दाणा या पात्यांवर आपटतो, फुटतो, पुन्हा आपटतो. पेटीभोवती भोकांची जाळी असते. भोकातून जाण्याइतका बारीक झालेला कणच बाहेर पडतो, बाकीचे आत मार खात राहतात. म्हणून पीठ किती बारीक पडणार हे जाळी ठरवते, पात्या नव्हे. भाकरीच्या पिठाला एक जाळी, इडलीच्या रव्याला दुसरी, लापशीच्या भरडीला तिसरी. कोणत्या क्रमांकाची जाळी कशाला, हे त्या यंत्राच्या पुस्तिकेतच बघावं. शेजारणीच्या यंत्राचा क्रमांक आपल्याला लागू पडेलच असं नाही.

आता बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट. या पात्या पंख्याचंही काम करतात. त्या जोराने वारा ढकलतात आणि पीठ त्या वाऱ्याबरोबर जाळीतून खालच्या डब्यात जातं. मग वारा कुठं जातो? डब्यावर जी कापडी पिशवी किंवा कापडी झाकण असतं, त्यातून. कापड वारा सोडतं आणि पीठ अडवतं. हे कापड म्हणजे घरघंटीचं नाकच म्हणा ना! आणि निम्म्या तक्रारी या नाकाच्याच असतात.

दळण हळू होतंय, पीठ गरम लागतंय, दारातून पीठ उडतंय

या तीन तक्रारी बहुधा एकदमच येतात. कापडाच्या विणीत बारीक पीठ बसत जातं. वारा बाहेर पडेना झाला की पीठही पुढं सरकत नाही. ते पेटीतच घुटमळतं, पुन्हा पुन्हा मार खातं आणि तापतं. कोंडलेला वारा मग दाराच्या फटीतून वाट काढतो, येताना पीठ घेऊन येतो. लोक दाराचं रबर बदलतात. रबर बिचारं ठीकच असतं.

म्हणून प्रत्येक दळणानंतर यंत्र बंद करून, प्लग काढून कापड अंगणात झटकावं. रोज दळणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा ते उलटं करून ब्रशने झाडावं, मधूनमधून धुवावं आणि पूर्ण वाळल्यावरच लावावं. ओलसर कापड लावलं तर पिठाची खळ होते, आणि खळ बसलेली वीण पुन्हा मोकळी होत नाही.

कापड स्वच्छ असूनही दळण हळू असेल तर जाळी काढून उजेडासमोर धरा. भोकं बुजलेली लगेच दिसतात. ती कोरड्या ब्रशने साफ करावीत. सुई, खिळा, स्क्रू ड्रायव्हर घालून टोचायचं नाही, भोक मोठं झालं की त्या ठिकाणाहून कायम भरड पडणार. उलट तक्रार, म्हणजे बारीक पिठात मधूनच अख्खा दाणा किंवा कणी येणे, ही जाळी फाटल्याची किंवा नीट न बसल्याची खूण.

जाळी वारंवार बुजत असेल तर दोष बहुधा धान्याचा. पावसाळ्यात हवेतला ओलावा दाणा ओढून घेतो. दमट दाणा कडक फुटत नाही, चेंबतो आणि त्याचं पीठ जाळीला चिकटतं. आपल्या आज्या दाणा दाताखाली धरून बघायच्या. 'कट्ट' असा आवाज आला तर दळायला तयार, मऊ लागला तर पुन्हा उन्हात. ही परीक्षा आजही तेवढीच खरी आहे. धुतलेले गहू तर दोन कडक उन्हं दिल्याशिवाय घालूच नयेत.

कापड, जाळी, धान्य तिन्ही ठीक आणि तरी वेग नाही, तर पात्या बघाव्या लागतात. त्यांच्या कडा काटकोनी असतात, वर्षानुवर्षांच्या माराने त्या गोल होतात. त्या बदलताना सगळा संच एकदम बदलायचा. एकच नवी पाती लावली तर वजनाचा तोल जातो, यंत्र थरथरायला लागतं आणि बेअरिंग खराब होतं.

मोटार गुणगुणते, पण फिरत नाही

इथं घाई करावी लागते, कारण फिरत नसलेली मोटार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते आणि पाहता पाहता तापते. 'फिरेल थोड्या वेळात' म्हणत उभं राहू नका. लगेच बटण बंद, प्लग बाहेर.

मग दार उघडून पेटीत धान्य अडकलंय का बघा. वीज मधेच गेली की पेटीत अर्धवट दळलेलं धान्य राहतं, आणि वीज आल्यावर त्या ओझ्यासकट मोटारीला उठता येत नाही. म्हणूनच पद्धत अशी ठेवावी की आधी मोटार चालू, तिचा आवाज एकसारखा झाला की मग धान्याची झडप उघडायची. संपवताना उलट, झडप आधी बंद, यंत्र मिनिट-दोन मिनिटं रिकामं चालू द्यायचं, मग बटण. काही यंत्रं हे आपोआप करतात, पण वीज गेल्यावर पेटी मोकळी करायचं काम आपलंच.

पेटी रिकामी आहे, पात्या हाताने मोकळ्या फिरतात (प्लग काढलेला असतानाच बरं का!) आणि तरी नुसती गुणगुण, तर संशय कपॅसिटरवर. घरच्या सिंगल फेज मोटारीला स्वतःहून पहिला धक्का घेता येत नाही, तो कपॅसिटर देतो. पंख्याला हाताने ढकलल्यावर फिरायला लागलेला तुम्ही पाहिला असेल, तिथंही हाच प्रकार. कपॅसिटर ही मोटारीच्या मानाने फार स्वस्त वस्तू आहे. पण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहू शकते, म्हणून तो वायरमनकडूनच बदलून घ्यावा.

आणखी एक त्रास खेड्यापाड्यांतला नेहमीचा, संध्याकाळी व्होल्टेज पडणं. अशा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावं. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर १८० ला २३० ने भागून त्याचा वर्ग करायचा, उत्तर येतं ०.६१. म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्श्याहून थोडंच जास्त कमी झालं, पण जोर जवळजवळ ४० टक्के गेला. दिवा थोडा मंद दिसतोय तेवढंच ना, असं आपण म्हणतो. मोटारीला ते तेवढंच नसतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईची घरघंटी अशीच सारखी बंद पडायची. ओव्हरलोडचं बटण उडायचं, ती दाबायची, पुन्हा उडायचं. एका कारागिराने नवी मोटार टाकायला सांगितली. तेवढे पैसे आणायचे कुठून, म्हणून घरात यंत्र विकायचा विचार सुरू झाला होता, आणि दळणाचे पैसे हीच त्या घरातली रोजची रोकड होती. पालकभेटीत विषय निघाला तेव्हा आम्ही दोघींनी बसून फक्त प्रश्न लिहून काढले. कधी बंद पडते? संध्याकाळी सातनंतर. कोणतं धान्य? कोणतंही. कापड शेवटचं कधी धुतलं? कापड निघतं, हेच ताईंना कुणी सांगितलं नव्हतं. कापड धुतलं, दळणाची वेळ सकाळची केली. मोटार आजही तीच आहे.

ओव्हरलोडचं बटण उडालं तर निदान दहा-पंधरा मिनिटं मोटार थंड होऊ द्यावी, आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबू नये. घरघंटीची मोटार साधारण १ एचपी, म्हणजे ७४६ वॅटची. तिला अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. मोबाईल चार्जरच्या एक्स्टेंशन बोर्डावर ती चालवणं म्हणजे वायर जाळून घेणं.

दाराचा स्विच: इथं तडजोड नाही

दार उघडताच यंत्र बंद व्हावं म्हणून दारापाशी एक छोटा स्विच असतो. तो पिठाने भरला की यंत्र सुरूच होत नाही. अशा वेळी काही कारागीर तो स्विच काढून वायर थेट जोडतात आणि 'आता कटकट नाही' म्हणून सांगतात. पालकहो, हे अजिबात चालवून घेऊ नका. सेकंदाला ४७ फेरे घेणाऱ्या पात्या आणि दार उघडून पीठ बघायला धावणारं सहा वर्षांचं पोर, यांच्या मध्ये तेवढा एकच स्विच असतो. तो आधी ब्रशने साफ करावा, नाही चालला तर नवा बसवावा. तुमच्या यंत्रात आधीच थेट जोड केलीय का, हे आजच बघा. दार उघडं ठेवून, हात लांब ठेवून बटण लावा. यंत्र सुरू झालं तर ते दुरुस्त होईपर्यंत वापरायचं नाही.

काय दळू नये

शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे नकोत. तेल सुटून जाळीवर राप बसतो. सोयाबीनमध्येही सुमारे २० टक्के तेल असतं, म्हणून ते गव्हात थोडंसं मिसळूनच. भाजणीचं धान्य पूर्ण निवल्याशिवाय घालू नये. हळकुंडं आणि मिरची पुस्तिकेत परवानगी असेल तरच, आणि त्यानंतर मूठ-दोन मूठ तांदूळ दळून काढावेत, नाहीतर दुसऱ्या दिवशीची पोळी तिखट!

धान्य निवडूनच घालावं हे सांगायला नको, पण एक चुंबकही धान्यातून फिरवावं. खिळा किंवा तारेचा तुकडा एका फेरीत जाळी फाडतो.

कोपऱ्यात राहिलेल्या पिठात अळ्या आणि सोंडे होतात, बाजरीचं पीठ तर त्यातल्या तेलामुळे लवकर कडू पडतं. दोन-चार दिवस दळायचं नसेल तर पेटी, जाळी, डबा कोरड्या ब्रशने साफ करून ठेवावा. पाणी आत नेऊ नये. आणि ज्या मुलाला डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद सांगितलाय, त्याची ज्वारी गव्हाच्या यंत्रात दळू नये. झाडून, पुसून, तांदूळ फिरवूनही गव्हाचं पीठ थोडं उरतंच.

ज्यांच्याकडे जातं आहे त्यांच्यासाठी थोडंसं. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम आणि भरड येतं, तेव्हा टाकी लावून घ्यावी लागते. टाकीनंतरचं पहिलं मूठ-दोन मूठ दळण कचकचतं, कारण त्यात दगडाची भुकटी असते. ते टाकूनच द्यावं, गुरांनाही घालू नये.

वर्गात हे करून घ्यायचं असेल तर यंत्र लागत नाही. मुलांना घरून दोन-दोन चमचे पीठ, रवा आणि भरड आणायला सांगा. मोठ्या, मध्यम आणि बारीक चाळणीतून चाळून कुठं काय अडतं ते वहीत लिहू द्या. एका गटाला ओलसर पीठ द्या. चाळणी बुजताना मुलं स्वतःच कारण सांगतात. आणि घरी ज्यांच्याकडे घरघंटी आहे त्यांना आईला किंवा आजीला विचारायला एकच प्रश्न द्या: 'कापड शेवटचं कधी धुतलं होतं?' आलेली उत्तरं खाली कॉमेंटमध्ये जरूर कळवा.