बंदी-प्रत्यक्षीकरण आणि दिवसांची मोजणी

गृहस्थाश्रमी माणसाचा कायद्याशीं संबंध बहुधा मृत्युपत्र आणि वाटणीपत्र यांपलीकडे जात नाहीं. परंतु घरांतील कर्ता पुरुष किंवा कॉलेजांत शिकणारा मुलगा अकस्मात् स्थानबद्ध झाला, तर दाद कोठें मागावी व किती दिवसांच्या आंत मागावी, हें वडीलधाऱ्यांस ठाऊक असलें पाहिजे.

‘हेबिअस कॉर्पस’ हे शब्द मूळचे लॅटिन. आपल्याकडे त्यास ‘बंदी-प्रत्यक्षीकरण’ म्हणतात. व्याकरण शिकलेल्यांस यांतील च्वि-प्रत्ययाची खुबी तेव्हांच ध्यानांत येईल: जें प्रत्यक्ष नव्हतें, तें प्रत्यक्ष करणें. बंदी डोळ्यांआड असतो तोंवरच अन्याय निर्धास्त असतो. म्हणून त्याच्या अटकेचा आधार न्यायासनासमोर दाखविण्यास सत्तेस भाग पाडणें, हें या अर्जाचें सार होय.

अर्ज बंद्यानेंच करावा असें नाहीं. पत्नी, पिता, बंधु किंवा स्नेही यांसही तो करतां येतो. राज्यघटनेच्या २२६ व्या कलमान्वयें तो उच्च न्यायालयांत, व ३२ व्या कलमान्वयें थेट सर्वोच्च न्यायालयांत करतां येतो. सामान्य अटकेंत प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आंत माणसास मॅजिस्ट्रेटपुढें नेलेंच पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धतेस हा नियम लागू नाहीं. तेथें कारणें शक्य तितक्या लवकर कळवावीं लागतात. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यान्वयें स्थानबद्धतेपासून ३ आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढें जावें लागतें व ७ आठवड्यांत मंडळाचा अहवाल यावा लागतो. यास्तव हुकूम कधीं बजावला, कारणें कधीं मिळालीं, निवेदन कधीं धाडलें, या तारखा घरांतील कोणीतरी वहींत टिपून ठेवाव्या. पुष्कळदा सुटका तारखांच्या चुकीवरच होते.

उच्च न्यायालयानें अर्ज फेटाळला तर? सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष अनुज्ञेचा अर्ज निकालापासून ९० दिवसांच्या आंत करावा लागतो. उच्च न्यायालयाकडे अपिलाचें प्रमाणपत्र मागितलें व तें नाकारलें गेलें, तर त्या नकारापासून ६० दिवस मिळतात. सबळ कारण असेल तर विलंब माफ होऊं शकतो; पण कोठडींतील माणसाचा एकेक दिवस मोलाचा, तेव्हां शेवटच्या दिवसाची वाट कां पाहावी? शिवाय १९६६ मध्यें गुलाम सरवर प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, उच्च न्यायालयाच्या नकारामुळें ३२ व्या कलमाचा दरवाजा बंद होत नाहीं.

अपिलाचें महत्त्व मुंबईच्याच एका प्रकरणानें सिद्ध केलें आहे. केशव तळपदे यांचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयानें फेटाळला. परंतु १९४३ मध्यें सर मॉरिस ग्वायर यांच्या फेडरल कोर्टानें भारत संरक्षण नियमांतील २६ वा नियमच अवैध ठरविला. सरकारनें लागलीच वटहुकूम काढून तो दोष झांकला, हेंही खरें.

अपील हें शस्त्र सरकारच्याही हातीं असतें. आणीबाणींत अनेक उच्च न्यायालयांनीं बंद्यांचे अर्ज ऐकण्याजोगे ठरविले. सरकारें अपिलांत गेलीं, आणि २८ एप्रिल १९७६ रोजीं चार विरुद्ध एक अशा मतांनीं सर्वोच्च न्यायालयानें तो दरवाजाच लावून घेतला. विरुद्ध मत एकट्या न्यायमूर्ति खन्ना यांचें. बहुमतांत यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्यें तो निर्णय चूक ठरविणाऱ्या पीठांत त्यांचेच चिरंजीव धनंजय होते, व त्यासंबंधींचें निकालपत्र त्यांनींच लिहिलें. त्यापूर्वीं १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें जीवित व स्वातंत्र्य यांचें २१ वें कलम आणीबाणींतही स्थगित करतां येणार नाहीं, असें ठरलेंच होतें.

सारांश, न्यायालयें चुकतात आणि कधीं कधीं आपली चूक सुधारतातही. पण ४१ वर्षांनीं झालेल्या सुधारणेनें १९७६ च्या बंद्यास गेलेले दिवस परत मिळाले नाहींत. म्हणून मुदत पाहावी, वकील लवकर गांठावा, आणि एका नकारानें धीर सोडूं नये.