तारा तुटतो म्हणजे काय?

२ एप्रिल २०२२ ची रात्र. गुढीपाडव्याचा दिवस होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही भागात लोकांनी आभाळातून जळते गोळे रांगेने जाताना पाहिले. लाडबोरी गावात धातूचे एक कडे येऊन पडले. चांगले आठ-दहा फूट रुंद! तारा तुटून पडला की काय, असे कोणाच्याही मनात येईल.

पण तारा खरोखर तुटतो काय? आपणच ताडून पाहू. सप्तर्षींच्या चार चांदण्यांना गोंड लोक खाट म्हणतात आणि मागच्या तिघांना चोर. आपल्या आज्या-पणज्यांपासून किती तारे तुटले असतील! पण खाटेचा एक पाय कमी झाला नाही. चोरही तिघेच आहेत. तेव्हा तुटतो तो तारा नव्हे.

तो असतो खडा. बहुधा वाळूच्या कणाएवढा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तसे असे असंख्य खडेही फिरतात. त्यातला एखादा आपल्या हवेत शिरतो. चंद्रपूरहून गडचिरोलीला जायला एसटीला दोनेक तास लागतात. तेवढी वाट हा खडा सात-आठ सेकंदांच्या आत कापतो! एवढ्या वेगामुळे तो तापतो, पेटतो आणि विझून जातो. त्याला उल्का म्हणतात. खडा मोठा असला, तर उरलेला दगड खाली पडतो.

हे शिकलेल्यांनाही उशिराच कळले बरे! सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपातले बहुतेक पंडित म्हणत, “आभाळात दगड आहेतच कुठे, तर पडतील?” खेडुतांनी सांगितले, तर ते हसत. मग १८०३ च्या एप्रिलात फ्रान्स देशात लेग्ल गावाजवळ भर दुपारी हजारो दगड पडले. सरकारने बियो नावाच्या शास्त्रज्ञाला पाठवले. तो गावोगाव हिंडला. लोकांना विचारले, दगड तपासले. खेडूत खरे ठरले, पंडित चुकले. आम्हाला ही गोष्ट फार आवडते.

मंगळ आणि गुरू या ग्रहांच्या मध्ये फिरणारा पहिला लहान गोल १८०१ साली दिसला होता. आज तसे लाखो माहीत आहेत. पडणारे बहुतेक दगड तिकडचेच तुकडे असतात.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर पुष्कळ तज्ज्ञांना ज्वालामुखीचा खड्डा वाटे. १९७३ साली तिथल्या दगडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा तो खड्डा उल्का आदळून झाला, हे त्यातून पक्के झाले.

मग लाडबोरीचे कडे? उल्का डोळा लवेपर्यंत विझते. ते गोळे मात्र सावकाश गेले. शिवाय घडवलेले कडे काही दगडाचे होत नाही. चीन देशाने फेब्रुवारी २०२१ मध्ये एक अग्निबाण सोडला होता. त्याचा रिकामा भाग पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि हळूहळू खाली येऊन जळाला, असे जाणकारांनी हिशेब करून सांगितले. आसपासच्या गावांत धातूचे पोकळ गोळेही सापडले. अशा गोळ्यात विषारी इंधन उरलेले असू शकते. तो हलवू नये, उघडू नये, पोलीस पाटलाला कळवावे. लाडबोरीचे कडे सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेऊन ठेवले होते.