काळा कोट आणि पांढरी काठी

गेल्या वर्षी सुट्टीत साताऱ्याला गेलो होतो. बॅगा अजून उघडल्याही नव्हत्या, तोवर भाची काळा कोट आणि पांढरा बँड घालून समोर उभी राहिली. "मामा, कसा दिसतोय?" नुकतीच तिला सनद मिळाली होती. कोट झकास दिसत होता. तिला स्वतःला मात्र तो दिसत नव्हता.

तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. या आजारात सुरुवातीला रात्रीचं दिसेनासं होतं, मग नजर कडेकडेने आत आवळत जाते. दहावीपर्यंत ती मोठ्या अक्षरातली पुस्तकं वाचायची, बारावीला लेखनिक घ्यावा लागला. तेव्हा ताईचा मला बहारीनला फोन आला होता. "ही लॉ म्हणतेय. तू बाहेर शिकलायस, तूच सांग काय ते." मी एम.एस. झालेला इंजिनिअर! मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "अगं, वकिली म्हणजे सगळा कागदाचा धंदा. कागद म्हणजे डोळे. त्यापेक्षा तिला बी.ए., बी.एड. करू दे." भाचीने फोन घेतला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तू एकाही अंध वकिलाला ओळखतोस का?" मी म्हटलं, नाही. "मग कसं सांगतोस?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग लाजेकाजेस्तव थोडा अभ्यास केला. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं नाव कोलकात्याचं. साधन गुप्ता यांची दृष्टी अगदी लहानपणी देवीच्या रोगाने गेली. तरी ते वकील झाले, १९५३ च्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर निवडून आले आणि १९८६ मध्ये पश्चिम बंगालचे अ‍ॅडव्होकेट जनरल झाले. म्हणजे अख्ख्या राज्य सरकारचा वकील! संगणक टेबलावर यायच्या कितीतरी आधी, ब्रेल आणि वाचून दाखवणारा माणूस एवढ्याच भांडवलावर त्यांनी वकिली उभी केली.

दिल्लीचे सीनिअर अ‍ॅडव्होकेट संतोषकुमार रुंगटा हे दुसरं उदाहरण. नोकऱ्यांतल्या अपंगांच्या तीन टक्के आरक्षणाचा हिशेब सरकार फक्त ठरावीक, 'योग्य' मानलेल्या पदांवर करायचं. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या वतीने ते लढले आणि ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हिशेब केडरमधल्या एकूण रिक्त जागांवरच व्हायला हवा.

आपल्या नागपूरचे राहुल बजाज. तिथेच कायदा शिकले, २०१८ साली ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले, परत येऊन दिल्लीत वकिली आणि अपंगांच्या हक्कांचं काम करू लागले. मुंबईत कांचन पमनानी सॉलिसिटर आहेत, अमर जैन कॉर्पोरेट वकील आहेत. यातल्या जैन यांच्या याचिकेचा आपल्याशीही संबंध आहे. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत 'डोळे मिचकावा' असं मोबाइल सांगतो ना? ज्याला स्क्रीनवरची चौकट दिसत नाही, त्याने चेहरा नेमका धरायचा कुठे? अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची याचिका आणि जैन यांची याचिका एकत्र ऐकून ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तुम्ही म्हणाल, वकील ठीक आहे, पण न्यायाधीश? साक्षीदाराचा चेहरा कसा वाचणार? अठराव्या शतकात लंडनचे मॅजिस्ट्रेट सर जॉन फील्डिंग अंध होते, आणि तीन हजार गुन्हेगार ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे असं सांगतात. ही झाली दंतकथेच्या जवळची गोष्ट. पण झॅक याकूब यांची गोष्ट तर आपल्या काळातली. डर्बनच्या भारतीय वंशाच्या घरात जन्म, सोळाव्या महिन्यात दृष्टी गेली, आणि १९९८ ते २०१३ ते दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश होते. बेघरांच्या निवाऱ्याच्या हक्कावरचा २०००चा गाजलेला ग्रूटबूम निकाल त्यांनीच लिहिला. पाकिस्तानात युसूफ सलीम २०१८ मध्ये तिथले पहिले अंध दिवाणी न्यायाधीश झाले.

मला सर्वात जवळचे वाटले ते अमेरिकेचे डेव्हिड टेटल, कारण त्यांचा आजार भाचीचाच. पंधराव्या वर्षी निदान, तिशीत नजर गेली. १९९४ ते २०२४ ते वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात न्यायाधीश होते. पण आपल्याला दिसत नाही हे त्यांनी कित्येक वर्षं लोकांपासून लपवलं होतं. तेही त्यांनी २०२४ मध्ये पुस्तकात मोकळेपणाने लिहिलं. एवढा मोठा माणूस, पण संकोच सुटत नाही!

भारतात मात्र कायदाच आडवा येत होता. मध्य प्रदेशात अंध उमेदवाराला न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचीच बंदी होती. अशा एका उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, आणि कोर्टाने त्या पत्रावरूनच प्रकरण सुनावणीला घेतलं. ३ मार्च २०२५ रोजी तो नियम रद्द झाला. केवळ अपंगत्वामुळे कोणालाही न्यायसेवेची संधी नाकारता येणार नाही, असं कोर्टाने बजावलं. एका आईचं पत्र! मी हे ताईला फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही.

आता 'कागद म्हणजे डोळे' या माझ्या सिद्धांताकडे वळतो. भाचीचा लॅपटॉप बोलतो. जॉज नावाचा स्क्रीन रीडर १९८९ पासून आहे, तो बनवणारे टेड हेंटर मोटरसायकल शर्यतपटू होते आणि अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. २००६ मध्ये सुरू झालेला एनव्हीडीए तर फुकट मिळतो. भाची तो इतका जोरात पळवते की मला नुसता चिवचिवाट ऐकू येतो. अडचण वेगळीच आहे. शिक्का मारून, तिरका स्कॅन केलेला कागद संगणकाच्या लेखी निव्वळ फोटो असतो. त्यावर स्क्रीन रीडर मुका होतो. म्हणजे दोष तिच्या डोळ्यांत नाही, आपण कागद कसा बनवतो त्यात आहे. हे मला, ड्रॉइंग आणि स्कॅनमध्ये आयुष्य घालवणाऱ्या माणसाला, कळू नये?

लॉच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका बँकेने तिला चेकबुक नाकारलं. "सही जुळली नाही तर? वडिलांना जॉइंट होल्डर करा." तिने भांडण केलं नाही. अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर काहीही नाकारू नये, असं सांगणारं रिझर्व्ह बँकेचं ४ जून २००८ चं परिपत्रक जोडून अर्ज दिला. आठ दिवसांत चेकबुक घरपोच! ताई म्हणते, हिची पहिली केस हीच.

मी काय केलं? तिची मराठी पाठ्यपुस्तकं स्कॅन होऊन यायची, संगणक त्यांचा मजकूर बनवायचा आणि त्यात गमतीजमती व्हायच्या. 'दावा'ची 'दवा', 'वादी'ची 'वाटी'. दर शुक्रवारी सकाळी चहा घेत मी दहा-वीस पानं दुरुस्त करून पाठवायचो. इथले नऊ म्हणजे तिकडचे साडेअकरा, जेवणाआधी तिच्या हातात पानं पडायची. हे बेकायदा नाही बरं का, अंधांसाठी पुस्तकाचं असं रूपांतर करायला २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदाच परवानगी देतो.

इंग्रजी पुस्तकं दुरुस्त करणारे जगात पुष्कळ आहेत. मराठीला कोण आहे? तालुका कोर्टाचं काम तर मराठीतच चालतं. आपल्या मंडळात शुद्ध मराठी वाचणारे किती आजी-आजोबा मुलांकडे येऊन राहतात, आणि दिवस जात नाही म्हणतात. दोन तास, एक लॅपटॉप, एवढंच लागतं. ज्यांना यात भाग घ्यायचा असेल त्यांनी पुढच्या कार्यक्रमात मला जरूर गाठावं.

आणि हो, निघताना मी भाचीला विचारलंच, "मी तेव्हा बी.एड. कर म्हटलं होतं, राग आला होता का गं?" ती हसली. "नाही रे मामा. तुझ्याकडे पुरावाच नव्हता."