अंकनियंत्रित मिलिंग यंत्रासाठी एकदिश विद्युत्-पुरवठ्याची निवड

1952 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत छिद्रांकित फितीवरील आकड्यांनुसार चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्याच्या नियंत्रणासाठी निर्वात नलिकांनी भरलेली कपाटे लागत. आज तेच कार्य तळहातावर मावणारे मंडल करते. त्यामुळे हाताने चाके फिरवून चालविण्याचे लहान मिलिंग यंत्र संगणक-नियंत्रित करणे महाविद्यालयीन कर्मशाळेच्याही आवाक्यात आले आहे. अशा रूपांतरात मोटरी आणि बॉल-स्क्रू यांचा विचार पुष्कळ होतो. विद्युत्-पुरवठ्याचा विचार बहुधा शेवटी व घाईने होतो. परंतु पुरवठ्यातील दोष पुरवठ्यात दिसत नाही. तो कापलेल्या धातूच्या तुकड्यावर उमटतो, आणि म्हणूनच त्याचे मूळ सापडण्यास विलंब लागतो.

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. स्टेपर मोटरीच्या तक्त्यात ‘निर्धारित दाब’ म्हणून एक आकडा असतो. उदाहरणादाखल, दर वेटोळ्यास 4.2 अँपिअर प्रवाह, 0.9 ओहम रोध आणि 3.8 मिलिहेन्री प्रवर्तकता असलेली मोटर घ्यावी. तिचा निर्धारित दाब प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराने सुमारे 3.8 व्होल्ट येतो. ‘निर्धारित’ या शब्दावरून तेवढाच दाब द्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण प्रत्यक्षात अशा मोटरीस त्याच्या दहापट दाबाचा पुरवठा जोडतात. हा आकडा मोटर स्थिर असतानाचा प्रवाह टिकविण्यास किती दाब पुरतो, एवढेच सांगतो. मोटर फिरत असताना प्रश्न प्रवाह टिकविण्याचा नसून तो वेळेत चढविण्याचा असतो.

प्रवर्तकता प्रवाहाच्या बदलास विरोध करते. प्रवाह किती वेगाने चढेल हे दाबास प्रवर्तकतेने भागल्यास कळते. रोधाचा परिणाम बाजूस ठेवला, तर वरील मोटरीत 4.2 अँपिअरपर्यंत चढण्यास 12 व्होल्टवर सुमारे 1.3 मिलिसेकंद, तर 38 व्होल्टवर सुमारे 0.42 मिलिसेकंद लागतात. ही मोटर एका फेऱ्यात 200 पायऱ्या घेते. मिनिटास 300 फेऱ्यांच्या वेगाने एका पायरीच्या वाट्यास फक्त 1 मिलिसेकंद येतो. म्हणजे 12 व्होल्टवर प्रवाह पूर्ण होण्यापूर्वीच पायरी संपते, बलघूर्ण घटते आणि पायऱ्या चुकू लागतात. प्रवाहाची मर्यादा सांभाळण्याचे काम ड्राइव्ह करतो: तो दाब अतिशीघ्र गतीने जोडतो व तोडतो. त्यामुळे उंच दाबाने मोटर लगेच जळत नाही.

तथापि दाबास दोन छते आहेत. पहिले मोटरीचे: मिलिहेन्रीतील प्रवर्तकतेच्या वर्गमुळास 32 ने गुणावे, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. वरील मोटरीसाठी तो सुमारे 62 व्होल्ट देतो. त्यापलीकडे गाभ्यातील उष्णता वाढते. दुसरे छत ड्राइव्हचे. ड्राइव्हची कमाल मर्यादा 50 व्होल्ट असेल, तर मोटरीचे छत निरर्थक ठरते. जे छत खालचे, तेच खरे.

आता प्रवाहाचा हिशोब. तीन अक्षांच्या तीन मोटरींची बेरीज 12.6 अँपिअर होते. पण पुरवठ्यातून एवढा प्रवाह घेतला जात नाही, कारण ड्राइव्ह दाब तोडतो तेव्हाही वेटोळ्यातील प्रवाह मंडलातच फिरत राहतो. म्हणून बेरजेच्या दोन-तृतीयांश, म्हणजे 8.4 अँपिअर, धरण्याची प्रथा आहे.

ट्रान्सफॉर्मर, एकदिशकारक पूल व धारित्र यांचा साधा पुरवठा करावयाचा झाल्यास 28 व्होल्टची दुय्यम गुंडाळी योग्य ठरते. 28 ला 1.414 ने गुणून दोन डायोडांचे सुमारे 2 व्होल्ट वजा केल्यास जवळजवळ 38 व्होल्ट मिळतात. घरगुती 230 व्होल्टचा दाब 10 टक्के चढला आणि भार नसताना ट्रान्सफॉर्मरचा दाब आणखी 7 टक्के वाढला, तरी 45 व्होल्टच्या आसपासच राहतो. 30 व्होल्टची गुंडाळी घेतल्यास याच परिस्थितीत दाब 48 व्होल्टच्या आसपास पोचतो व सुरक्षिततेस पुरेशी जागा उरत नाही. 50 हर्ट्झवर धारित्र सेकंदास 100 वेळा भरते. दाबातील चढउतार 10 टक्क्यांत ठेवण्यास सुमारे 22,000 मायक्रोफॅरड लागतात. धारित्र 63 व्होल्टचे असावे. प्रवाह ठोक्याठोक्याने ओढला जात असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर 500 व्होल्ट-अँपिअरचा घेणे इष्ट.

एसएमपीएस प्रकारचा पुरवठा हलका, सुटसुटीत आणि स्थिर दाबाचा असतो. परंतु जड मेज वेगाने थांबते तेव्हा मोटर क्षणभर जनित्र बनते आणि ऊर्जा पुरवठ्याकडे परत येते. मोठे धारित्र ती पचविते. एसएमपीएसमधील संरक्षक व्यवस्था मात्र वाढलेला दाब पाहून पुरवठाच बंद करू शकते. येथे खरा धोका आहे. साध्या स्टेपर योजनेत मेज खरोखर कोठे आहे हे नियंत्रकास कळत नाही. तो पायऱ्या मोजीत राहतो. पुरवठा क्षणभर गेला, तर पुढील सर्व काप चुकीच्या जागी पडतात. म्हणून एसएमपीएस घ्यावयाचा झाल्यास प्रवाहाची भरपूर शिल्लक असलेला घ्यावा, आणि परत येणारी ऊर्जा पुरवठ्यापर्यंत पोचू नये यासाठी डायोड, धारित्र व ती ऊर्जा जिरविणारा रोधक यांची योजना करावी.

सुरक्षितता हा हिशोबाचाच भाग आहे. बंद केलेल्या पुरवठ्याचे धारित्र भरलेले राहते. त्यास समांतर 1 किलोओहम, 5 वॅटचा रोधक जोडल्यास ते सुमारे 2 मिनिटांत रिकामे होते. यंत्राच्या व पुरवठ्याच्या धातूच्या पेटीस अर्थिंग असावे. प्रत्येक ड्राइव्हला पुरवठ्यापासून स्वतंत्र तारा न्याव्यात आणि प्रत्येकीस स्वतंत्र फ्यूज असावा. पुरवठा चालू असताना मोटरीची जोडणी कधीही सोडवू नये. त्याने ड्राइव्ह निकामी होतो.

सारांश, निवडीचा क्रम मोटरीच्या तक्त्यापासून सुरू व्हावा, ड्राइव्हच्या मर्यादेवर तपासला जावा, आणि मग बाजारात जावे. पुरवठा प्रथम विकत घेऊन मोटर त्यास जुळविणे, हा उलटा मार्ग स्वस्त दिसतो. त्याची किंमत वाया गेलेल्या प्रत्येक तुकड्यागणिक मोजावी लागते.