दारावरची पाटी आणि कमरेचे पिस्तूल

अमेरिकेतील टेक्सास राज्यात काही दुकानांच्या दारावर एक लांबलचक पाटी आढळते. मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, अक्षरे किमान एक इंच उंचीची, रंग उठून दिसणारा. हे सारे कायद्यानेच ठरवून दिलेले आहे. दंडसंहितेच्या कलम 30.06 चा हवाला देऊन ती पाटी बजावते की, परवानाधारकाने लपविलेले पिस्तूल घेऊन आत येऊ नये. उघडपणे शस्त्र बाळगणाऱ्यांसाठी 2016 पासून कलम 30.07 ची निराळी पाटी आहे. पाटी नसेल तर तोंडी सांगितले तरी चालते. परंतु ते सांगावयाचे कोणी? सगळ्या वादाचे मर्म या साध्या प्रश्नात आहे.

अमेरिकन राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती 1791 सालची. शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिला आणि 2022 मध्ये तो हक्क घराबाहेरही मान्य केला. मात्र घटनेचे हे बंधन सरकारवर आहे, दुकानदारावर नाही. आपल्या जागेत कोणी कसे यावे हे ठरविण्याचा मालकाचा अधिकारही अमेरिकन माणसाला तितकाच प्रिय आहे. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक ही परवान्याची बाब. निवडणूक आली की परवानाधारकाला ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम होतो. त्यामुळे हा वाद आपल्याला विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. तथापि बंदूकधारकांची बाजू हसण्यावारी नेणे योग्य होणार नाही.

16 ऑक्टोबर 1991 रोजी टेक्सासमधील किलीन येथे एका उपाहारगृहात माथेफिरूने 23 जणांचे बळी घेतले. तेथे जेवावयास आलेल्या सुझाना हप यांचे पिस्तूल त्या वेळच्या कायद्याला भिऊन बाहेर मोटारीत ठेवलेले होते. त्यांचे आई-वडील दोघेही त्या गोळीबारात मारले गेले. पुढे 1996 मध्ये त्या राज्याच्या विधानसभेवर निवडून आल्या. कायदा पाळणारा तेवढा निःशस्त्र होतो आणि मारेकरी पाटी वाचीत नाही, हा बंदूकधारकांचा युक्तिवाद अशा अनुभवांतून आलेला आहे. त्यामागचे दुःख खरे आहे.

मग पाटी लावणाऱ्या दुकानदाराला हे लोक उत्तर कसे देतात? पहिला मार्ग पैशाच्या पाकिटाचा. बंदूक नको तर आमचा पैसाही नको, अशा अर्थाचे छोटे कार्ड गल्ल्यावर ठेवून काही जण निघून जातात. उलट शस्त्रबंदी न करणाऱ्या स्टारबक्सवर 2012 च्या व्हॅलेंटाईन दिनी विरोधकांनी बहिष्कार पुकारला, तेव्हा बंदूकधारकांनी मुद्दाम तेथे जाऊन कॉफी घेतली आणि दुसऱ्या दुरुस्तीची खूण म्हणून दोन डॉलरच्या नोटा मोजल्या. हा मार्ग सनदशीर आहे. गिऱ्हाईक नाराज झाले तर दुकान बदलते, यात कोणावर जुलूम नाही.

दुसरा मार्ग कायदेमंडळाचा. 2002 मध्ये ओक्लाहोमातील एका कागद कारखान्याने आवारातील मोटारींत बंदुका सापडल्यावरून कामगारांना काढून टाकले. त्यातून कायदाच झाला की, बंद मोटारीतील बंदुकीस मालकाने मनाई करू नये. 2009 मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो उचलून धरला. सरकारने आमच्या हक्कात ढवळाढवळ करू नये म्हणणाऱ्यांनीच दुसऱ्याच्या जागेत ढवळाढवळ करण्यासाठी सरकारला पाचारण करावे, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत घातक. तो म्हणजे शस्त्र मिरवीत आत शिरण्याचा. ऑगस्ट 2019 मध्ये एल पासो येथील वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला. त्यात 23 जणांचा अंत झाला. त्यानंतर पाचच दिवसांनी मिसूरीतील स्प्रिंगफील्ड येथे एक तरुण चिलखती जाकीट घालून, भरलेली रायफल घेऊन वॉलमार्टमध्ये शिरला. हे दुकान आपला हक्क मानते की नाही, हे त्याला पाहावयाचे होते म्हणे! गिऱ्हाइकांची पळापळ झाली. त्याला रोखून धरणारा, कामावर नसलेला अग्निशामक दलाचा जवान स्वतः पिस्तूलधारी होता, हेही नमूद केले पाहिजे. पण आत शिरणाऱ्या सशस्त्र माणसाच्या मनात काय आहे, हे इतरांना ओळखता कसे यावे? सप्टेंबर 2019 मध्ये वॉलमार्टने ग्राहकांना शस्त्र उघडपणे आणू नये अशी विनंती केली. स्टारबक्स आणि चिपोटले यांनी अनुक्रमे 2013 आणि 2014 मध्ये अशीच विनंती केली होती आणि दोन्ही वेळी निमित्त शस्त्र मिरविणाऱ्यांनीच पुरविले होते.

या कंपन्यांनी बंदी न घालता विनंती का केली? स्टारबक्सचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी आपल्या जाहीर पत्रात एक कारण स्पष्ट दिले होते: बंदी घातली तर सशस्त्र ग्राहकाला अडविण्याची पाळी कर्मचाऱ्यांवर येईल आणि ती जबाबदारी त्यांच्यावर टाकणे आपल्याला प्रशस्त वाटत नाही. मालक आणि बंदूकधारक यांच्या भांडणात ज्याचे नाव कोणी घेत नाही तो माणूस येथे प्रथम दिसतो. तासावर मजुरी घेणारा, कपबशा उचलणारा, गल्ल्यावर बसणारा तो नोकर. हक्क कोणाचा मोठा यावर न्यायालये खुशाल खल करोत. ‘कृपया बाहेर जा’ हे शब्द कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाला ऐकविण्याचे काम शेवटी त्याच्याच वाट्याला येते.

म्हणून बंदूकधारकाच्या जबाबदारपणाची कसोटी त्याच्या नेमबाजीत नाही, ती दारापाशी आहे. पाटी पटली नाही तर त्याने दुसरे दुकान शोधावे, मालकाला पत्र लिहावे, आपल्या पैशाने आपले मत नोंदवावे. पाटी वाचून माघारी वळणाऱ्याचा कोणताही हक्क बुडत नाही. उलट, शस्त्र हाती असूनही दुसऱ्याच्या शब्दाला मान देणारा माणूस शस्त्र बाळगण्यास लायक आहे, हे तो त्या क्षणी सिद्ध करीत असतो.