फीच्या पावतीवर काय लिहिले आहे?

वाचकहो, जूनची तऱ्हा तुम्हाला सांगायला नको. रोप वर आलेले असते, खताची गोणी आणायची असते, लावणीच्या मजुरांना उचल द्यायची असते; आणि नेमकी त्याच पंधरवड्यात कॉलेजची फी भरायची वेळ येते. भाताचे पैसे हातात यायला दिवाळी उलटते. मग सोसायटी, नाहीतर मेहुणा! एवढ्या ओढाताणीने भरलेल्या पैशांची पावती मात्र आपण रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवतो आणि विसरून जातो.

ती पावती आज बाहेर काढा. मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून मोठ्याने वाचायला सांगा. शिकवण्याची फी ही झाली एक ओळ. तिच्याखाली ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा, वार्षिक अंक, ओळखपत्र, सांस्कृतिक कार्यक्रम, अनामत अशा बारीक रकमा असतात. कॉलेज लुबाडते असे मुळीच म्हणायचे नाही. पुस्तके, चेंडू, वीज यांना पैसा लागतोच. प्रश्न एवढाच, की आपल्या मुलाला त्यातले काय मिळते?

पळसदरीचेच घ्या. कर्जत-खोपोली मार्गावरचे हे छोटे स्टेशन. एका अंगाला कर्जत लगेच येते, दुसऱ्या अंगाला केळवली, डोळवली, लौजी करत खोपोली. या फाट्यावर गाड्या मोजक्या. एक चुकली की फलाटावर ताटकळावे लागते. म्हणून शेवटचा तास सुटला की मूल स्टेशनकडे पळते. जिमखान्याचे खेळ आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी चालायच्या त्यानंतर. मुलीला तर अंधाराच्या आत घर गाठायचे असते. कॉलेजशेजारी राहणाऱ्याने भरले तेवढेच पैसे तिनेही भरले, पण कॅरमची सोंगटी तिच्या हाताला वर्षभरात लागत नाही.

मग बोलायचे कुठे? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. वर्षातून निदान चार बैठका तिने घ्यायच्या. कॉलेजचे वार्षिक अंदाजपत्रक हीच समिती तयार करते आणि संस्थेकडे मंजुरीला पाठवते. विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव हे तिचे सभासद असतात. या दोन खुर्च्यांवर यंदा कोण आहे, एवढे मुलाला विचारून या म्हणावे. पुष्कळदा त्याला ठाऊकच नसते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सोयीसुविधांच्या फीचा खर्च सुचवणाऱ्या समितीत मताचा अधिकार असणारे बहुसंख्य सभासद विद्यार्थीच असतात. आपल्याकडे दोन आहेत, ते तरी वापरू या.

मागण्या काही डोंगराएवढ्या नाहीत. वाचनालय पहिल्या तासाआधी उघडावे. गाडीने येणाऱ्याला पुस्तक घरी न्यायला चार दिवस जास्त मिळावेत. खेळाचे सामान मधल्या सुट्टीतही द्यावे. हे अंदाजपत्रक ठरण्याआधी, लेखी, मुलांच्या सह्यांनिशी द्यावे. तोंडी सांगितलेले हवेत जाते. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या ठाकूर-कातकरी मुलांनीही सही करायला संकोचू नये. त्यांच्या नावाने आलेला पैसा त्यांचाच.

आणखी एक. अनामत ही फी नव्हे, ती ठेव आहे. शिक्षण संपले की पुस्तके परत करून ती मागून घ्यायची असते. तिथे पावती उपयोगी पडते, म्हणून तिची झेरॉक्स आजच काढा; पावसाळ्यात शाई पुसते, आणि उंदरांचे तर विचारूच नका.

आता तुम्ही आम्हाला लिहा. पावतीवरच्या कोणत्या ओळीचा उपयोग तुमच्या घरी झाला, कोणत्या ओळीचा मुळीच झाला नाही, आणि कॉलेजने वेळ कशी बदलली तर होईल? आईने लिहिले तर अधिक बरे, कारण मूल किती वाजता घरी येते हे तिला पक्के माहीत असते. कॉलेजचे नाव घातले नाही तरी चालेल. गावाचे नाव आणि गाडीची किंवा एसटीची वेळ मात्र जरूर लिहा.