पत्र्याची आंखणी कोणी शिकवावयाची?

शिरूर तालुक्यांत रांजणगांव येथें शीतकपाटांचे कारखाने आहेत व दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें रसायनांचे. दोहींकडे पत्र्याचें काम ओघानेंच आलें. असें असतां ज्यास पत्रा कापतां येतो, पण कोठें कापावा हें आंखतां येत नाहीं, अशा मुलास कारागीर म्हणावें कीं मजूर, हा प्रश्न आम्ही व्यापारीवर्गापुढें ठेवितों.

नरसाळ्याचेंच उदाहरण घ्या. तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर, तिरपी बाजू ३०. पत्र्यावर ३० च्या त्रिज्येनें वर्तुळ काढून त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे १२० अंशांची फांक, कापून वळवावी. तिचा कंस व तोंडाचा परिघ बरोबर जुळतात. टोंकाशीं नळीपुरता तुकडा काढावा, सांध्यास दुमड सोडावी. डब्यासही हिशेब लागतोच. २० च्या बुडास तिप्पट, म्हणजे ६० ची पट्टी कापली तर ती सुमारें २.८ सेंटिमीटर अपुरी पडते व पत्रा वायां जातो. भास्कराचार्यांनीं लीलावतींत ३९२७ भागिले १२५० हें प्रमाण बाराव्या शतकांतच दिलें आहे. (नुसता अभिमान मिरविण्यापेक्षां तें पट्टीवर उतरविलेलें बरें!)

हें ज्ञान घराण्याच्या पेटींत राहिलें, तर ज्याचा बाप पत्राकाम करीत नव्हता त्यानें शिकावें कोठें? संगणक आतां आंखून देतो, असें कोणी म्हणेल. परंतु चुकीचें माप दिल्यास यंत्रही चुकीचाच पत्रा निमूटपणें कापतें. दोन्ही गांवच्या व्यापाऱ्यांनीं पुठ्ठा व कातरणाचे तुकडे पुरवावे, आणि आठवड्यांतून एक सायंकाळ, जात न विचारतां, येईल त्या मुलामुलीस आंखणी शिकवावी. जागा शाळेची चालेल.